गिरणीच्या जमिनीचे दुखणे आणि गावचा सातबारा

शेतकरी बाजारात बैल घेतो तेव्हा शिंगे पाहून पैसे मोजीत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. शेतजमीन घेतानाही तो विहिरीचे पाणी तोंडात घेऊन पाहतो आणि उन्हाळ्यात त्या जमिनीवर पांढरी फूट येते की काय, हे शेजाऱ्यास विचारतो. परंतु तीच जमीन एखाद्या बंद कारखान्याची असली म्हणजे मोठमोठ्या शहाण्यांची चौकशीही क्षेत्र किती, रस्ता किती जवळ आणि भाव काय, या तीन प्रश्नांपाशी थांबते. त्या जमिनीच्या पोटात पन्नास-शंभर वर्षे काय मुरले, हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आता आपल्या गावोगावच्या ग्रामसभांनी विचारावयास हवा, आणि त्याचे उत्तर सातबाऱ्यावर लिहिले जावयास हवे, असे आमचे मत आहे. ते का, हे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

दाखला म्हणून आम्ही मुंबईतील परळ-लालबागचा गिरणगाव घेत आहो. शेतकऱ्यांच्या मासिकात परळच्या जमिनीचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, गिरणगाव हा शहरात असला तरी तो खेड्यांनीच उभा केलेला होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तेथील साच्यांवर चढत असे, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील माणसे ते साचे चालवीत असत. खेड, चिपळूण, संगमेश्वर या तालुक्यांत अशी घरे विरळा, की ज्यांत गिरणीतून आलेल्या मनिऑर्डरीवर कधी औत, कौले वा लग्न झाले नाही. गिरणी शहरात आणि तिची बरकत खेड्यात, असा तो व्यवहार होता. म्हणून त्या जमिनींचे पुढे काय झाले, हे पाहण्याचा शेतकऱ्यास पुरता अधिकार आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन केली व १८५६ साली तिच्यातून सूत निघू लागले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, दादर येथील भातखाचरे व वाड्या जाऊन त्या जागी चिमण्या उभ्या राहिल्या. १९८२ च्या १८ जानेवारीस सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मिटला असे कोणी कधी रीतसर जाहीर केले नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. मागे राहिली ती सुमारे सहाशे एकर जमीन, आणि तीही अशा शहरात, जेथे जमीन वाराने नव्हे तर फुटाने मोजतात.

या जमिनीच्या वाटणीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्यान्वये गिरणीमालकास जमीन विकसित करावयाची झाल्यास ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास, आणि उरलेला मालकास, अशी वाटणी ठरली. १९९६ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतील २५ गिरण्यांच्या जमिनींचा विचार करण्यासाठी वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त त्या वेळी मोकळ्या असलेल्या जागेची करावी, इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जागा तीत धरू नये, असे ठरले. आणि गिरणीची बहुतेक जागा इमारतींनीच व्यापलेली असल्यामुळे सार्वजनिक वाटा फारच आटला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. मधल्या काळात, २००५ साली, दादरची कोहिनूर गिरणी क्रमांक ३ सुमारे ४२१ कोटींस व लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल सुमारे ७०२ कोटींस लिलावात गेली. गिरणीकामगारांच्या घरांची ६,९२५ घरांची मोठी सोडत २०१२ साली निघाली, ३,८९४ घरांची २०२० साली निघाली. आणि घरासाठी अर्ज करणारे कामगार व वारस दीड लाखांवर होते. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळांपुढे शेलू व वांगणी येथील घरांचा प्रस्ताव आला. परळात आयुष्य काढलेल्या माणसांनी त्यावर आंदोलने केली.

हा सर्व वाद कोणास किती जमीन, या एका प्रश्नावर झाला. तो योग्यच होता, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु वाटणीच्या त्या नियमात सर्व्हे नंबर होते, चौरस मीटर होते, टक्केवारी होती. मातीच्या परीक्षेची अट मात्र नव्हती. कोणता तुकडा निरोगी व कोणता दूषित, आणि दूषित तुकडा खेळाच्या मैदानाच्या वाट्यास आला तर तेथे पोरे काय अंगास लावून घेतील, याचा विचार वाटणीच्या वेळी व्हावयास हवा होता. आपल्या गावच्या वाटण्यांत भाऊभाऊ सुद्धा जिराईत व बागाईत, माळ व काळी असा हिशेब करून एकराच्या बदल्यात दीड एकर देतात. येथे सगळी जमीन एकाच रंगाची धरली गेली.

वास्तविक कापडगिरणीच्या आवारातील सर्व जमीन एका जातीची नसते. सूतखात्याखाली व मागखात्याखाली विशेष काही मुरत नाही. तेलाचे डाग, कापसाची धूळ, इतकेच. बॉयलरच्या बाजूस कोळशाची राख व पुढील काळात भट्टीचे जाड तेल असते. राखेत शिसे, पारा, आर्सेनिक यांचे अंश असू शकतात. धुलाईखात्यात ब्लीचिंग पावडर व कॉस्टिक सोडा वापरीत. रंगखाते सर्वांत संशयाचे, कारण तेथे क्रोमियमचे क्षार, गंधकाचे रंग, आणि बेंझिडीनपासून केलेले रंग वापरण्याचा प्रघात होता. यांपैकी बेंझिडीनच्या रंगांवर कर्करोगाच्या भीतीने १९९० नंतरच्या दशकात आपल्या देशात बंदी आली. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जुन्या काळी जगभर जे तेल भरीत, त्यातील काही जाती मातीत दशकानुदशके कुजत नाहीत. छपरांवर व वाफेच्या नळांवर अॅस्बेस्टॉस असे, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. आम्ही अमुक गिरणीची जमीन विषारी आहे असे म्हणत नाही. ज्या गिरणीत रंगखाते नव्हते तिच्या जमिनीस उगाच बट्टा लावणे हाही अन्यायच होईल. आमचे म्हणणे इतकेच की, कोणत्या कोपऱ्यात कोणते खाते होते हे कागदावरून व जुन्या कामगारांच्या तोंडून एका आठवड्यात समजते, आणि ते समजल्याशिवाय वाटणी करू नये.

लालबागेत गॅस कंपनी लेन या नावाची गल्ली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत. जेथे जेथे असे कारखाने होते तेथे मागे डांबर, अमोनियाचे पाणी व सायनाइडयुक्त निळसर माती राहते, असा युरोपातील अनुभव आहे. तिकडे जुने गॅसघर म्हटले की जमिनीच्या परीक्षेशिवाय पाया खणीत नाहीत. गल्लीच्या नावावरून तेथील जमिनीविषयी निकाल देता येत नाही, पण प्रश्न कोठे विचारावा हे कळते. स्थळांची नावे हेही एक दप्तरच आहे, फक्त ते वाचावयास हवे.

आता महसूल दप्तरात ज्याची हयात गेली त्याच्या दृष्टीने पाहू. आपल्या सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचे कर्ज, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळाचा हक्क, हस्तांतरणावरील निर्बंध, अशा नोंदी येतात. एखाद्याने पाच हजारांचा बोजा चढविला तर तो फेरफाराने लागतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि पुढे जो कोणी ती जमीन घेईल त्यास तो दिसतो. मग ज्या जमिनीत रसायनांचा गाळ पुरला आहे तिच्यावरचा बोजा पाच हजारांच्या बोजापेक्षा हलका काय म्हणून समजावा? सोसायटीचे कर्ज फिटते. क्रोमियम पुरून ठेवले तर ते नातवाच्या विहिरीत निघते.

नोंद सर्वांस दिसेल अशा जागी नसली म्हणजे काय होते, याचा अमेरिकेतील एक प्रसिद्ध दाखला आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या एका जुन्या कालव्याच्या खड्ड्यात एका रासायनिक कंपनीने आपला हजारो टन कचरा पुरला. १९५३ साली ती जमीन तिने शहराच्या शाळामंडळास एका डॉलरला दिली. खरेदीखतात रसायने पुरल्याचा उल्लेख होता. त्या जमिनीवर शाळा झाली, भोवती घरे झाली. घरे घेणाऱ्या लोकांच्या दृष्टीस ते पहिले खरेदीखत पडले नाही. पंचवीस वर्षांनी, १९७८ साली, तळघरांतून रसायने वर आली, आणीबाणी जाहीर झाली व शेकडो कुटुंबे हलवावी लागली. त्यातूनच १९८० साली तिकडे अशा जागा साफ करण्याचा मोठा कायदा झाला. २००२ सालच्या कायद्याने आणखी एक शहाणपणाची तरतूद आणली. बंद कारखान्याच्या जमिनीची तपासणी करण्यासाठी लहान गावांच्या संस्थांस अनुदान द्यावयाचे, आणि ज्या खरेदीदाराने घेण्यापूर्वी रीतसर चौकशी केली त्यास जुन्या मालकाच्या पापातून काही संरक्षण द्यावयाचे. अशा तरतुदीमुळे चौकशी करणे हे खरेदीदारास ओझे न वाटता फायद्याचे वाटू लागते.

तिकडील चौकशीची पद्धत पाहिली तर ती आपल्या तलाठ्यास परकी वाटणार नाही. पहिली पायरी कागदांची. जुने नकाशे, मालकांची साखळी, परवाने व कोठारांच्या जागा तपासावयाच्या आणि जुन्या नोकरांच्या जबान्या घ्यावयाच्या. दुसरी पायरी कुदळीची, पण संशयाच्या जागीच. ठराविक खोलीवरची माती व भूजलाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवावयाचे. तिसरी पायरी निर्णयाची. दूषित माती खणून सुरक्षित भूभरावात न्यावी, जागीच चिकणमातीचा व काँक्रीटचा थर देऊन पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नये, की जंतूंच्या साहाय्याने तेल कुजवावे, हे दोषाच्या जातीवर ठरते. आपल्या राज्यात तळोजे, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची अशी भूभराव केंद्रे आहेत. पहिली पायरी सर्वांत स्वस्त असते व तिसरी सर्वांत महाग. पहिली गाळली म्हणजे तिसरीचा खर्च कोणाच्या तरी माथी बसतो, आणि तो बहुधा जमिनीचा शेवटचा धनी किंवा शेजारचा शेतकरी असतो.

शेजारच्या शेतकऱ्याचे काय होते, हे आपल्याच देशात पाहावयाचे असेल तर राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एच-अॅसिड नावाचे रसायन करणारे कारखाने काही थोडा काळ चालले. हे रसायन कापडाचे रंग करण्यास लागते. कारखाने लवकरच बंद झाले, पण सुमारे २,४०० टन गाळ मागे राहिला, पावसाने तो मुरला, आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी पिण्यास तर नाहीच, पण पिकासही चालेना असे झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये, ज्याने दूषित केले त्याने भरावे, हे तत्त्व सांगून कारखानदारांवर जबाबदारी टाकली. तरी पैसे वसूल होईनात, म्हणून २०११ साली त्याच न्यायालयास व्याजासह भरण्याचा पुन्हा हुकूम करावा लागला. कारखाना थोडा काळ चालला आणि तंटा वीस वर्षे चालला. भोपाळची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला हलविला गेला व त्याच वर्षी जाळला गेला. त्यास चाळीस वर्षे लागली, आणि आवारातील जमिनीत पुरलेले विष हा प्रश्न त्यानंतरही निराळा उरला.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. गिरणगावात जे १९८२ नंतर झाले ते आज तालुक्यांच्या गावी होत आहे. बंद पडलेले सहकारी साखर कारखाने व त्यांना जोडलेल्या आसवन्या, बंद कापडगिरण्या, औद्योगिक वसाहतींतील टाळे लागलेली रासायनिक शेडे, कीटकनाशकांची जुनी कोठारे, ही सारी आमच्या मते खेड्यातली गिरणीजमीन आहे. आसवनीत एक लिटर मद्यार्क काढताना आठ ते पंधरा लिटर मळी-पाणी निघते. ते जुन्या काळी मातीच्या खड्ड्यांत साठवीत, आणि खड्ड्यास अस्तर नसले तर ते क्षार विहिरीत उतरतात. लोटे-परशुराम वसाहतीच्या खालच्या अंगास दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. ज्या खेड-चिपळूणच्या माणसांनी परळच्या रंगखात्यात हात रंगविले, त्यांच्याच गावच्या खाडीस रसायनांचे कारखाने आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बंद कारखान्याचा लिलाव निघतो तेव्हा वर्तमानपत्रातील जाहिरातीत ठराविक शब्द असतात, ‘जसे आहे, जेथे आहे’. विकणाऱ्या बँकेच्या दृष्टीने ते ठीक असेल. तिला आपले कर्ज वसूल करावयाचे असते. परंतु गावाच्या दृष्टीने या चार शब्दांचा अर्थ असा होतो की, जमिनीत जे काही आहे ते विचारू नका. घेणारा किंमत देतो, बँक पैसे घेते, आणि पोटातील विष गावाच्या नावे राहते. गावास त्या सौद्यात सही करावी लागत नाही एवढेच.

येथे शेतकऱ्याच्या मनात एक रास्त शंका येईल. सातबाऱ्यावर दूषित अशी नोंद लागली तर जमिनीचा भाव पडेल, सोसायटी कर्ज देणार नाही, आणि कारखान्याच्या शेजारी शेत असणे हाच गुन्हा होईल. ही शंका आम्ही हलकी समजत नाही. एखाद्या मुलीच्या आजाराची गावभर दवंडी पिटून तिचे लग्न मोडावे, तशी नोंद व्हावी असे आम्हांस म्हणावयाचे नाही. म्हणून नोंदीचे नियम नीट असले पाहिजेत. पहिला नियम असा की, नोंद प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय व खातेदारास नोटीस दिल्याशिवाय लागू नये. दुसरा, जेथून दूषितपणा निघाला त्या गटावर निराळी नोंद व ज्या गटास तो पोहोचला त्यावर निराळी नोंद असावी; दुसऱ्या नोंदीचा अर्थ बट्टा असा न होता नुकसानभरपाईचा पुरावा असा व्हावा. तिसरा, साफसफाई होऊन दुसरा अहवाल निर्दोष आला की नोंद फेरफाराने कमी व्हावी, जसा कर्ज फिटल्यावर बोजा कमी होतो. आणि भावाविषयी म्हणाल, तर भाव नोंदीमुळे पडत नसतो, तो रोगामुळे पडलेलाच असतो. नोंद नसेपर्यंत पडलेला भाव विकणाऱ्यास न लागता घेणाऱ्यास लागतो, आणि गावातील जमीन घेणारा म्हणजे बहुधा गावातीलच कोणी तरी असतो.

सुदैवाने या कामास आता कायद्याचा आधार आला आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल करावयाचा आहे. तो मिळाल्यापासून राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने वा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करून जागा खरोखर दूषित आहे की नाही ते ठरवावयाचे आहे. दोषी कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यावयाचा. तो सापडला नाही वा खर्च करण्यास असमर्थ ठरला तर केंद्र व राज्य सरकारांनी तो वाटून घ्यावयाचा. खाणी, किरणोत्सारी कचरा, समुद्रातील तेल व नगरपालिकांचा घनकचरा यांस निराळे कायदे असल्यामुळे ते या नियमांबाहेर ठेविले आहेत. हे नियम आले त्या सुमारास देशभरात १०३ दूषित जागा ठरलेल्या होत्या व साफसफाईस हात लागला होता तो अवघ्या सात जागी. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याच जागा दूषित असतील यावर आमचा विश्वास बसत नाही. यादी लहान आहे ती शोध घेणारे थोडे म्हणून, असे आम्हांस वाटते.

या नियमांतील जिल्हा प्रशासन हा शब्द शेतकऱ्यांनी अधोरेखित करावा. जिल्हा प्रशासन म्हणजे शेवटी कोण? जिल्हाधिकारी तहसीलदारास लिहील, तहसीलदार मंडळ अधिकाऱ्यास, आणि मंडळ अधिकारी तलाठ्यास, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्याच्याकडे गावे तीन-चार व कामे पन्नास. ‘निरंक’ असा शेरा मारून कागद परत पाठविणे यासारखे सोपे काम दप्तरात दुसरे नाही. आम्ही ही दुनिया आतून पाहिलेली आहे, म्हणून सांगतो की, गावाने स्वतः लेखी अर्ज दिला, त्यास आवक क्रमांक पडला, तर निरंक लिहिणाऱ्याची लेखणी अडते. अर्ज नसेल तर ती अडत नाही.

यास्तव ज्या गावच्या शिवारात बंद कारखाना आहे त्या गावाने पुढील गोष्टी कराव्यात. कारखान्याचा बिनशेतीचा हुकूम, ग्रामपंचायतीचे कर-आकारणीचे जुने रजिस्टर व प्रदूषण मंडळाची संमतीपत्रे यांच्या नकला मिळवाव्यात. त्यांवरून कोणता माल होत असे ते कळते. कारखान्यात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांस बसवून कोणत्या कोपऱ्यात काय टाकीत असत, त्याचा हातनकाशा करावा. ही माणसे गेली म्हणजे हे दप्तर कायमचे जळाले असे समजावे. खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे व अहवाल जपून ठेवावेत. हे सर्व जोडून संशयित जागेच्या यादीत नाव घालण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे ग्रामसभेच्या ठरावासह द्यावा. आणि निकाल येईपर्यंत त्या जमिनीवर शाळा, दवाखाना, घरकुले किंवा भाजीबाजार यांचा ठराव करू नये, जमीन फुकट मिळाली तरी करू नये. लव्ह कॅनॉलची शाळाही जवळजवळ फुकटच मिळाली होती.

तपासणीचा हेतू जमीन पडीक ठेवणे हा नाही, ती पुन्हा कामास आणणे हा आहे, ही गोष्ट शेवटी स्पष्ट केली पाहिजे. बंद कारखान्याच्या जमिनीस रस्ता असतो, वीज असते, पाण्याची वाट असते. अशी जागा तालुक्यात दुसरी मिळत नाही. निरोगी निघालेल्या भागावर कापूस खरेदीकेंद्र, जिनिंग, धान्याची वखार, फळांचे शीतगृह उभे राहू शकते, आणि वखारीच्या पावतीवर कर्ज मिळाल्यास शेतकऱ्यास हंगामातच माल फुंकावा लागत नाही. जेथे दोष उथळ आहे व वाफ वर येत नाही, तेथे फरसबंदी करून यंत्रांचे गोदाम वा वाहनतळ होऊ शकतो, कारण फरसबंदीच पावसास अडविते. जेथे माणसाचा वावर नको तेथे सौरविजेचे पट्टे चालतील. पीक मात्र, विशेषतः पालेभाजी व चारा, साफ झाल्याचा अहवाल येईपर्यंत घेऊ नये. प्रकृती पाहून काम सांगावे, हा नियम बैलास आहे तसा जमिनीसही आहे.

परळच्या जमिनीचा खेड्यास उपयोग होऊ शकतो, याचे एक उदाहरणही आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विकून आलेल्या पैशांतून देणी व स्वेच्छानिवृत्तीची रक्कम भागविली आणि काही गिरण्या नव्याने उभ्या केल्या. त्यांपैकी फिनले ही मुंबईत परळ-लालबागला असलेली गिरणी वऱ्हाडात अचलपूर येथे कापसाच्या मुलखात उभी राहिली. शहरातील महाग जमीन जाऊन कापूस पिकतो तेथे रोजगार यावा, हा विचार आम्हांस मनापासून मान्य आहे. ती गिरणी २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली व ती सुरू करण्यासाठी कामगारांस रस्त्यावर यावे लागले, हे दुःखाचे खरे. परंतु त्यामुळे मूळ विचार चुकीचा ठरत नाही. गिरणगावातील सहाशे एकरांपैकी त्या विचाराने किती जमीन खर्ची पडली आणि मनोऱ्यांसाठी किती, हा हिशेब ज्याने त्याने लालबागच्या पुलावर उभे राहून डोळ्यांनी करावा.

गिरणगावाच्या वाटणीत खेड्यांस बोलावणे नव्हते. आपल्या शिवारातील बंद कारखान्याच्या वाटणीत मात्र ग्रामसभा घरचीच मालकीण आहे, आणि तिला कायद्याने विचारण्याचा अधिकार मिळाला आहे. आमची सरकारास विनंती आहे की, दूषित जागांची यादी कोठेही प्रसिद्ध होवो, तिची नोंद त्या त्या गटाच्या सातबाऱ्यावर व शहरांत मिळकतपत्रिकेवर घेण्याचा स्पष्ट हुकूम व्हावा. कारण शेतकरी सरकारी यादी पाहत नाही, तो सातबारा पाहतो. आणि वाचकांस विनंती अशी की, हुकमाची वाट पाहत न बसता येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. ज्या गावांनी असा अर्ज केला असेल त्यांनी त्याची हकीकत, आवक क्रमांक व मिळालेले उत्तर यांसह, या मासिकाकडे जरूर पाठवावी, म्हणजे एका गावाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.